वर्डप्रेस मल्टीसाइट: एका डोमेनवर अख्खी संस्था बसवायची असेल तर

आधीच सांगते, हा रिव्ह्यू वर्डप्रेस ह्या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरचा नाही. वर्डप्रेस कसं आहे हे सांगणारे ढीगभर आहेत. हा त्याच्या आतच असलेल्या मल्टीसाइट नावाच्या सोयीचा आहे, म्हणजे एकाच वर्डप्रेसवर अनेक साइट चालवायच्या सोयीचा, जी मुळात बंद असते आणि त्यामुळे वर्षानुवर्षं वर्डप्रेस वापरणाऱ्यांनीही कधी उघडून बघितलेली नसते. ज्यांना एकाच डोमेनखाली सात-आठ साइट चालवायच्यात, प्रत्येकीचं होमपेज वेगळं, मेनू वेगळा, लिहिणारी माणसं वेगळी, पण अपडेट आणि बॅकअपची डोकेदुखी एकाच माणसाकडे आहे, त्यांनी वाचावा. आमच्यापुरते पाचपैकी चार स्टार. तुमच्याकडे ह्याचे दोनही होऊ शकतात, का ते खाली येतंय.

आमची संस्था म्हणजे महाराष्ट्रात कुठल्याही तालुक्याच्या गावी असते तशी शिक्षण संस्था. एक हायस्कूल, त्याला जोडून ज्युनिअर कॉलेज, पलीकडे सीनिअर कॉलेज, मग नंतर आलेलं इंग्लिश मीडियम, मुलींचं वसतिगृह, वाचनालय. प्रत्येकाचे प्रमुख वेगळे आणि प्रत्येकाला 'आमची स्वतःची वेबसाइट' पाहिजे. ही नुसती हौस नसते. सीनिअर कॉलेजला नॅकचं मूल्यांकन असतं, आयक्यूएसीचे (कॉलेजच्या गुणवत्ता समितीचे) मिनिट्स आणि दरवर्षीचा एक्यूएआर म्हणजे गुणवत्ता अहवाल साइटवर लावावा लागतो, त्याची लिंक द्यावी लागते, आणि ती लिंक उघडली पाहिजे. शाळेला ॲडमिशनची माहिती लावायची असते. वसतिगृहाला फक्त फोन नंबर आणि नियमावली, पण ती पण वेगळ्या साइटवरच हवी, कारण रेक्टर मॅडमना शाळेच्या मेनूत तिसऱ्या पातळीवर बसायचं नाहीये.

आधी हे सगळं जसं वाढत गेलं तसंच होतं. एकाचं डोमेन डॉट कॉम, एकाचं डॉट ऑर्ग, एकाचं रिन्यूअल रिटायर झालेल्या सरांच्या मेलवर जायचं. डॉट एज्यु डॉट इन घ्यायचं म्हणलं तर ते अर्नेट इंडियाकडूनच मिळतं, शैक्षणिक संस्थांनाच मिळतं आणि कागदपत्रं द्यावी लागतात, ते योग्यच आहे, पण वसतिगृहासाठी आणि वाचनालयासाठी तोच सोपस्कार परत परत कोण करणार. म्हणून ठरलं की डोमेन संस्थेचं एकच, आणि पुढे स्लॅश देऊन शाळा, स्लॅश कॉलेज, स्लॅश वसतिगृह. वर्डप्रेस मात्र प्रत्येक फोल्डरमध्ये वेगळं टाकलेलं. म्हणजे अपडेट वेगळे, प्लगइन (जादा सोयी देणारे जोड-तुकडे) वेगळे, पासवर्ड वेगळे. कॉलेजची साइट सगळे बघतात म्हणून ती अपडेट व्हायची, वसतिगृहाची कोण बघतंय, आणि मग एक दिवस गुगलमध्ये वसतिगृहाचं नाव टाकलं की खाली जपानी भाषेत बुटांच्या आणि पर्सच्या जाहिरातींची पानं दिसायला लागली. हा हॅक फार कॉमन आहे, साइट उघडली तर काही दिसत नाही, फक्त सर्चमध्ये दिसतो. त्यातून मल्टीसाइटवर यायचं ठरलं.

मल्टीसाइट काही नवीन नाही. पूर्वी वर्डप्रेस एमयू नावाचं वेगळं सॉफ्टवेअर होतं, जून २०१० मध्ये वर्डप्रेस ३.० आलं तेव्हा ते मूळ वर्डप्रेसमध्येच मिसळून टाकलं. वर्डप्रेस डॉट कॉमवर ज्या असंख्य साइट चालतात त्या ह्याच पायावर उभ्या आहेत. म्हणजे ताकदीची शंका नको. पैसे लागत नाहीत. डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइलमध्ये मल्टीसाइटला परवानगी देणारी एक ओळ टाकायची, मग टूल्समध्ये नेटवर्क सेटअप नावाचा पर्याय उगवतो (नेटवर्क म्हणजे ह्या सगळ्या साइटचा गट), तो कोडचे दोन तुकडे देतो, एक कॉन्फिगमध्ये चिकटवायचा आणि एक एचटीॲक्सेस ह्या सर्व्हरच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, परत लॉगिन करायचं, झालं. ओळ टाकताना एवढंच बघायचं की 'इथून खाली एडिट करू नका' अशी जी कॉमेंट असते तिच्या वर टाकायची. खाली टाकली तर काहीच होत नाही आणि माणूस होस्टिंगवाल्याला फोन करत बसतो. आणि सेटअपच्या आधी सगळे प्लगइन बंद करायला सांगतो, ते ऐकायचं.

खरा निर्णय तिथेच पहिल्या स्क्रीनवर असतो, सबडोमेन का फोल्डर. म्हणजे कॉलेज डॉट संस्था असं पाहिजे का संस्था स्लॅश कॉलेज असं. इथे एक खोच आहे. तुमच्या जुन्या साइटवर महिन्याहून जुनी पब्लिश केलेली पोस्ट असेल तर वर्डप्रेस फोल्डरचा पर्याय दाखवतच नाही, सरळ सबडोमेन म्हणतं. कारण असं की जुन्या पोस्टचे पत्ते आणि नव्या उपसाइटचे पत्ते एकमेकांवर आदळू शकतात. हे वळवता येतं, कॉन्फिगमध्ये अजून एक ओळ टाकून, पण मी म्हणेन नवीन कोऱ्या वर्डप्रेसवर नेटवर्क उभं करा आणि जुनं सामान आत आणा. सबडोमेन दिसायला रुबाबदार असतं हे मान्य, पण त्याला डीएनएसमध्ये (डोमेनच्या पत्त्यांच्या नोंदवहीत) वाइल्डकार्ड, म्हणजे सगळ्या सबडोमेनला लागू होणारी नोंद लागते आणि एसएसएल (साइट सुरक्षित असल्याचं सर्टिफिकेट) पण वाइल्डकार्ड लागतं, नाहीतर प्रत्येक सबडोमेनला वेगळं सर्टिफिकेट. फुकट सर्टिफिकेट देणारं लेट्स एनक्रिप्ट २०१८ पासून वाइल्डकार्डही देतं, पण ते डीएनएसमध्ये नोंद करून सिद्ध करावं लागतं, आणि स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर ते आपोआप होत नाही, दर तीन महिन्यांनी कुणाच्या तरी मागे लागावं लागतं. फोल्डरला एकच सर्टिफिकेट, विषय संपला. आम्ही फोल्डर घेतला.

फोल्डर घेतला की एक बारीक गंमत होते. मुख्य साइटच्या पोस्टच्या पत्त्यात आपोआप 'ब्लॉग' हा शब्द घुसतो, संस्था स्लॅश ब्लॉग स्लॅश पोस्टचं नाव. पानांना नाही, फक्त पोस्टना. हे वर्डप्रेस मुद्दाम करतं, तीच आदळाआदळ टाळायला. काढता येतं पण मग उद्या 'लायब्ररी' नावाची पोस्ट आणि 'लायब्ररी' नावाची उपसाइट झाली तर उपसाइट जिंकते आणि पोस्ट गायब वाटते. आमच्या अध्यक्षांना संस्थेच्या पत्त्यात ब्लॉग शब्द बघून वाटलं की कुणीतरी संस्थेच्या नावाने ब्लॉग चालवतंय. राहू दिलाय तसाच, बातम्यांशिवाय पोस्ट आहेत कुठे मुख्य साइटवर.

आता सुख काय ते सांगते, कारण सुख खरंच आहे. वर्डप्रेस एकदाच अपडेट करायचं. थीम एकदाच टाकायची, मग कुठल्या साइटला दिसेल ते ठरवायचं. प्लगइन एकदाच टाकायचा, हवा तर सगळ्या नेटवर्कवर एकदम चालू, हवा तर एकाच साइटवर. कोअर अपडेट झालं की नेटवर्क अपग्रेड नावाचं एक बटण दाबायचं, ते एकेका साइटचा डेटाबेस ताजा करत जातं. जे पूर्वी शनिवारची दुपार खायचं ते आता चहा होईपर्यंत होतं. वसतिगृहाची साइट कुणी बघो न बघो, ती कॉलेजच्या साइटइतकीच ताजी असते. माझ्या मते मल्टीसाइट घ्यायचं हे एकच मोठं कारण आहे, बाकीची कारणं सोयीची.

नवीन साइट काढायला खरंच मिनिट लागतं. नाव, पत्ता, ॲडमिनचा ईमेल, झालं. पत्ता इंग्रजी छोटी अक्षरं, आकडे आणि आडव्या रेघेतच लागतो, देवनागरी चालत नाही. एनएसएसवाल्यांनी शिबिरासाठी साइट मागितली, दिली. शिबिर संपलं, अर्काइव्ह केली, पुढच्या वर्षी परत उघडू. प्रत्येक साइटची भाषा वेगळी ठेवता येते, त्यामुळे हायस्कूलची साइट मराठी आणि इंग्लिश मीडियमची इंग्रजी, आणि वर ॲडमिन वापरणाऱ्या प्रत्येकाला स्वतःच्या प्रोफाइलमध्ये भाषा बदलता येते ती वेगळीच. वाचनालयाचे ग्रंथपाल मराठीत काम करतात, मी इंग्रजीत, कुणाचं कुणाला अडत नाही. लॉगिन एकच. जो माणूस शाळेत पण शिकवतो आणि ज्युनिअरला पण जातो त्याला दोन्हीकडे एकाच पासवर्डने जाता येतं, वरच्या पट्टीत माय साइट्स असतं तिथून उडी मारायची.

आणि आता ज्या गोष्टी कुणी आधी सांगत नाही त्या. सगळ्यात पहिला फोन कशावरून येतो माहितीये? "मॅडम, पीडीएफ चढत नाहीये." आणि दहापैकी नऊ वेळा कारण एकच असतं. मल्टीसाइट चालू केलं की नेटवर्कच्या सेटिंगमध्ये एका फाइलची कमाल मर्यादा १५०० केबी अशी लिहून आलेली असते. होस्टिंगची मर्यादा ६४ एमबी असू दे नाहीतर १२८, हे १५०० म्हणजे १५००. आता आमच्याकडे नोटिसा कशा होतात ते बघा. ऑफिसात क्लार्क भाऊसाहेब श्रीलिपीत नाहीतर कृतिदेवमध्ये टाइप करणार, तो मजकूर वर्डप्रेसमध्ये चिकटवला तर नुसती कीडामुंगी दिसते कारण ते युनिकोड नाही, म्हणून प्रिंट काढणार, त्यावर सही-शिक्का होणार, मग तो कागद रंगीत मोडमध्ये फुल रिझोल्यूशनला स्कॅन होणार, आणि तीन पानांची पीडीएफ सात-आठ एमबीची होणार. ती १५०० केबीत बसणारच नाही. उपाय सोपा आहे, नेटवर्क अॅडमिनमध्ये सेटिंग्ज, अगदी खाली, आकडा बदला. पण तो आकडा फक्त अख्ख्या नेटवर्कच्या चाव्या असलेल्या सुपर अॅडमिनला दिसतो, शाळेच्या ॲडमिनला नाही, त्यामुळे तो बिचारा सगळीकडे शोधून दमतो. तिथेच शेजारी प्रत्येक साइटला १०० एमबी जागेची मर्यादा पण लिहिलेली दिसते, ती मात्र टिक केल्याशिवाय लागू होत नाही, घाबरू नका. उलट मी म्हणेन आकडा वाढवून टिक कराच, नाहीतर स्नेहसंमेलनाचे मोबाइलवरचे फोटो जसेच्या तसे चढवून एकच शाळा सगळ्यांची जागा खाऊन टाकते.

दुसरा फोन गुगल मॅपवरून. मल्टीसाइटमध्ये साइटच्या ॲडमिनला कच्चं एचटीएमएल टाकायची परवानगी नसते, ती फक्त सुपर अॅडमिनला. साध्या वर्डप्रेसमध्ये ॲडमिन काहीही टाकू शकतो, इथे नाही. म्हणजे मॅपचा आयफ्रेम (दुसऱ्या साइटचा भाग आपल्या पानात दाखवणारा कोड), गुगल फॉर्मचा आयफ्रेम, कुठलाही स्क्रिप्टचा तुकडा, सेव्ह केलं की गुपचूप साफ. एरर पण येत नाही. ह्याच्याहून वाईट प्रकार पुढचा आहे. मी सुपर अॅडमिन म्हणून संपर्काच्या पानावर मॅप टाकून देते, छान दिसतो. दोन महिन्यांनी शाळेतले सर त्याच पानावर फोन नंबर बदलायला जातात, नंबर बदलून अपडेट दाबतात, आणि मॅप उडतो. सरांनी मॅपला हातही लावलेला नसतो. ते शपथ घेऊन सांगतात आणि ते खरं असतं. सिक्युरिटीच्या दृष्टीने हे बरोबर आहे, एका साइटवरच्या माणसाने टाकलेली स्क्रिप्ट सगळ्या नेटवर्कला त्रास देऊ शकते, पण निदान 'हे काढलं' असं एक वाक्य तरी दाखवायला काय जातं. यूट्यूबचं तसं होत नाही, नुसती लिंक चिकटवली की व्हिडिओ होतो आणि टिकतो. मॅपसाठी शॉर्टकोडवाला (कोडऐवजी चौकटी कंसातला छोटा शब्द टाकायचा असा) प्लगइन नेटवर्कवर चालू करून ठेवा, हा माझा उपाय.

युजरचं पण तसंच. साइटच्या ॲडमिनला नवीन माणूस जोडता येत नाही, जोपर्यंत नेटवर्क सेटिंगमध्ये तशी टिक करत नाही. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ईमेल तर तो बदलूच शकत नाही, ते सुपर अॅडमिनचं काम. प्लगइन टाकणं, थीम टाकणं, तेही सुपर अॅडमिन. मला हे आवडतं, कारण पूर्वी प्रत्येक साइटवर कुणीतरी 'स्नो पडणारा' प्लगइन टाकून ठेवलेला असायचा. पण प्राचार्यांना आवडत नाही, त्यांना वाटतं आपली साइट पण चाव्या दुसऱ्याकडे. हा वाद दर सहा महिन्यांनी होतो. थोडक्यात हे एकत्र कुटुंबासारखं आहे, चूल एक, भांडी एक, खोल्या आपापल्या, आणि ज्याच्या हातात कोठीची किल्ली त्याच्यावर सगळ्यांचा थोडा थोडा राग.

फोटोंची लायब्ररी मात्र सामाईक नाही, आणि हे मला अजून पटलेलं नाही. संस्थापकांचा फोटो, संस्थेचा लोगो प्रत्येक साइटवर वेगळा चढवावा लागतो. लोगो बदलला की फिरून सगळीकडे. ह्यासाठी प्लगइन आहेत, पण ही गोष्ट मुळातच असायला हवी होती.

सामाईक नोटिसांचंही तेच. मुख्य साइटवर टाकलेली नोटीस सगळ्या उपसाइटवर आपोआप दिसावी असं काही आत नाही. आम्ही आरएसएसचा (दुसऱ्या साइटची ताजी शीर्षकं आपोआप दाखवणारा) ब्लॉक लावला, मुख्य साइटची फीड प्रत्येक होमपेजवर. चांगला दिसतो. फक्त वर्डप्रेस ही फीड १२ तास जपून ठेवतं. म्हणजे संध्याकाळी सात वाजता 'अतिवृष्टीमुळे उद्या शाळेला सुट्टी' अशी नोटीस मुख्य साइटवर पडली तर शाळेच्या साइटवर ती उजाडल्यावर येणार, तोवर पोरं रेनकोट घालून गेटवर. ही वेळ फंक्शन्स फाइलमध्ये फिल्टर टाकून कमी करता येते, आम्ही अर्ध्या तासावर आणली. तशीही सुट्टीची बातमी आधी व्हॉट्सॲपवर फिरते, साइट कोण बघतंय म्हणा.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक सांगून ठेवते, हे मल्टीसाइटचं नाही, सगळ्याच वर्डप्रेसचं आहे, पण साइट जास्त म्हणजे त्रास जास्त. पोस्टचं शीर्षक मराठीत दिलं की पत्ता पण मराठीत होतो, आणि आतमध्ये देवनागरीचं एकेक अक्षर टक्क्याच्या खुणांसकट ९ जागा खातं. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळे वेगवेगळे मोजायचे. पत्त्याला जागा आहे २०० ची. म्हणजे जेमतेम २२ चिन्हं. 'शैक्षणिक वर्षाच्या प्रवेशाची पहिली गुणवत्ता यादी' हे शीर्षक पत्त्यात 'शैक्षणिक वर्षाच्या' पुढे सरकतच नाही, दोन-तीन अक्षरांत तुटतं, आणि मग दुसरी यादी, तिसरी यादी सगळ्यांचे पत्ते तेच, मागे दोन, तीन आकडे. वर व्हॉट्सॲपवर पाठवलं की हातभर टक्के टक्के दिसतात. मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, शीर्षक मराठीत, पत्ता हाताने इंग्रजीत छोटा. निम्मे ऐकतात.

गुगलच्या बाबतीत दोन शब्द. फोल्डरवाल्या नेटवर्कला रोबोट्स फाइल (गुगलला काय वाचायचं ते सांगणारी) एकच असते, डोमेनच्या मुळाशी, उपसाइटला वेगळी देता येत नाही. साइटमॅप म्हणजे पानांची यादी मात्र वर्डप्रेसच्या ५.५ आवृत्तीपासून प्रत्येक साइट स्वतःचा बनवते, पण मुळातल्या रोबोट्स फाइलमध्ये फक्त मुख्य साइटचा उल्लेख येतो. म्हणून गुगलच्या सर्च कन्सोलमध्ये जाऊन प्रत्येक उपसाइटचा साइटमॅप हाताने द्यायचा. एकदाच करायचं काम आहे पण करायचं. आम्ही केल्यावर वाचनालयाची पुस्तकसूची सर्चमध्ये दिसायला लागली, त्याआधी दिसत नव्हती.

प्लगइन घेताना डोळे उघडे ठेवा. फुकटवाले बहुतेक चालतात. विकतवाल्यांपैकी बरेच जण प्रत्येक उपसाइटला वेगळी साइट मोजतात, म्हणजे एका साइटचं लायसन्स घेतलं आणि सात साइटवर लावायला गेलात तर अडतं. घ्यायच्या आधी मेल टाकून 'मल्टीसाइटमध्ये किती मोजता' हे लेखी विचारा. एका फॉर्मच्या प्लगइनने, नाव नको, अपडेटनंतर गोंधळ घातला आणि सगळ्या साइट एकदम पांढऱ्या पडल्या. हाच सामाईक कोडचा दुसरा चेहरा. अपडेट एकदाच, आणि पडायचं ते पण एकदमच. त्यामुळे आता बॅकअप घेतल्याशिवाय मी अपडेटला हात लावत नाही, आणि ॲडमिशनच्या दिवसांत तर अजिबातच नाही. सर्व्हरचंही तसंच, गुणवत्ता यादी लागते त्या सकाळी कॉलेजच्या साइटवर गर्दी झाली की वसतिगृहाची साइट पण रांगते, सगळे एकाच होस्टिंगवर ना.

डेटाबेसमध्ये प्रत्येक साइट आपली १० टेबलं काढते, वर प्लगइनची वेगळी. दहा साइट म्हणजे शंभरच्या वर टेबलं, डेटाबेस बघायचं पीएचपीमायॲडमिन उघडलं की खाली जाता जाता बोट दुखतं. युजरचं टेबल मात्र सगळ्यांना मिळून एकच. आणि हेच पुढे नडतं.

कारण आता येते ती गोष्ट जिच्यामुळे पाचवा स्टार नाही. बाहेर पडणं. आमच्या इंग्लिश मीडियमची व्यवस्था दुसऱ्या ट्रस्टकडे गेली आणि त्यांनी साहजिकच त्यांची साइट मागितली, त्यांच्या डोमेनवर, त्यांच्या होस्टिंगवर. डोमेन बदलणं सोपं असतं, ४.५ आवृत्तीपासून, म्हणजे २०१६ पासून, नेटवर्कमधल्या कुठल्याही उपसाइटला थेट वेगळं डोमेन लावता येतं, कुठलाही प्लगइन नको, डीएनएस वळवा आणि साइटच्या सेटिंगमध्ये पत्ता बदला. पण ती साइट तरीही आमच्याच घरात राहते. पूर्ण बाहेर काढायची तर वर्डप्रेसचा एक्सपोर्ट पोस्ट, पानं, कॉमेंट देतो, थीमच्या सेटिंग देत नाही, विजेट देत नाही, प्लगइनचं काही देत नाही, आणि फोटो नवीन साइट जुन्या साइटवरून ओढून घेते, म्हणजे जुनी चालू ठेवावी लागते. नीट करायचं तर त्या साइटची टेबलं वेगळी काढा, अपलोड्सच्या आत साइट्स नावाचा फोल्डर असतो त्यात त्या साइटच्या नंबरचा फोल्डर असतो तो उचला, टेबलांच्या नावातला नंबर काढा, सगळे जुने पत्ते बदला आणि युजरच्या सामाईक टेबलातून त्यांची माणसं तेवढी वेचून द्या.

हे सगळं केल्यावर लॉगिन होतं आणि 'तुम्हाला हे पान बघायची परवानगी नाही' असं येतं. इथे भलेभले अडकतात. कारण ऑप्शन्सच्या टेबलात युजर रोल्सची जी नोंद असते तिच्या नावातच जुन्या टेबलाचा नंबर असतो, आणि युजरमेटामध्ये कॅपेबिलिटीजच्या नोंदीत पण. टेबलाचं नाव बदललं तरी आतल्या नोंदीचं नाव बदलत नाही. ते दोन्ही हाताने बदललं की दार उघडतं. पत्ते बदलायला मात्र डब्ल्यूपी-सीएलआय (वर्डप्रेसला टाइप करून हुकूम द्यायचं साधन) हेच वापरा, डेटाबेसमध्ये थेट शोधा-बदला करू नका, त्यात सीरिअलाइज्ड डेटा असतो, म्हणजे मजकुराशेजारी त्याची लांबीही लिहिलेली असते, अक्षरांची लांबी बदलली की विजेट मोडतात.

म्हणून कुणी विचारलं की घेऊ का, तर मी उलट एकच विचारते, ह्यातली कुठली साइट उद्या वेगळी होणार आहे का? एकाच संस्थेच्या शाखा, एकाच नगरपालिकेची वेगवेगळी खाती, एकाच वर्तमानपत्राच्या जिल्हा आवृत्त्या, डोळे मिटून घ्या. पण फ्रीलान्सर असाल आणि पाच वेगवेगळ्या क्लायंटच्या साइट एका नेटवर्कमध्ये बसवायचा विचार असेल, एकाचं हॉटेल, एकाचं क्लिनिक, तर कृपा करून नको. क्लायंट कधी ना कधी जातो, आणि जाताना साइट मागतोच. त्यात एका क्लायंटचा डेटा दुसऱ्याच्या शेजारी एकाच डेटाबेसमध्ये, हे त्यांना सांगितलंय का?

दुसरे पर्याय पण सांगते, फार खोलात न जाता. एकाच डोमेनवर वेगवेगळ्या फोल्डरमध्ये वेगवेगळी वर्डप्रेस, जे आमचं आधी होतं, ते वाईट नाही, फोल्डर खरा असला की वरच्या साइटचा एचटीॲक्सेस त्यात नाक खुपसत नाही आणि आतली साइट आपली आपली चालते. बाहेर काढायला सगळ्यात सोपं. फक्त अपडेटची शिस्त पाहिजे, किंवा सगळ्यांवर ऑटो अपडेट. ड्रुपल ह्या वर्डप्रेससारख्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरचं मल्टीसाइट वेगळ्या धाटणीचं आहे, कोड एक पण प्रत्येक साइटचा डेटाबेस वेगळा, त्यामुळे वाटणी सोपी जाते, पण त्याला ड्रुपल येणारा माणूस लागतो आणि तालुक्याला तो मिळत नाही, मिळाला तर पुण्याला जातो. तसल्याच जुमलामध्ये असं काही आत नाही, बाहेरचं एक्स्टेंशन लागतं. आणि एक जण ड्रुपलवर, एक जण वर्डप्रेसवर, तरी डोमेन एकच, असं हवं असेल तर पुढे एनजिनएक्स हे सर्व्हर सॉफ्टवेअर बसवून स्लॅश कॉलेज एका सर्व्हरला आणि स्लॅश शाळा दुसऱ्या सर्व्हरला पाठवता येतं, पण ते शेअर्ड होस्टिंगवर होत नाही, आणि ते सांभाळणारा माणूस सुट्टीवर गेला की संस्था पण सुट्टीवर.

होस्टिंगबद्दल एवढंच, घेण्याआधी सपोर्टला विचारा की मल्टीसाइट चालतं का आणि बॅकअपमधून एकच उपसाइट परत आणता येते का. पहिल्याला सगळे हो म्हणतात. दुसऱ्याला आम्हाला एका ठिकाणी 'हो' मिळालं होतं आणि प्रत्यक्षात अख्खं नेटवर्क मागच्या तारखेला गेलं, वाचनालयाची एक पोस्ट परत आणायला कॉलेजच्या दोन दिवसांच्या नोटिसा गेल्या. नाव घेत नाही. आता रोज रात्री आपला आपण डेटाबेस काढून ठेवतो, टेबलं साइटवार वेगळी करून, एवढं एक छोटं स्क्रिप्ट लिहून घेतलंय.

पुढच्या वर्षी संस्थेचं बीएड कॉलेज सुरू व्हायचंय. त्याची साइट ह्याच नेटवर्कमध्ये टाकतेय, पत्ता राखून ठेवलाय, थीम लावून ठेवलीये, आणि फाइलची मर्यादा २० एमबी. माजी विद्यार्थी संघाने पण मागितलीये, पण त्यांची नोंदणी वेगळी, खातं वेगळं, कार्यकारिणी दर तीन वर्षांनी बदलणार. त्यांना सांगितलंय की तुम्ही वेगळं डोमेन घ्या, मी वेगळं वर्डप्रेस टाकून देते, आणि पासवर्ड पहिल्याच दिवशी तुमच्या सेक्रेटरींच्या हातात.